१४ जानेवारी: पानिपत, नामविस्तार आणि संक्रांतीचा हिशेब

कोकणपट्टा

मंडळी, तिळगूळ घ्या, गोड बोला. (हे दुसरं कलम या धाग्यावर पाळलं जाईल अशी आशा.)

दिनविशेषाचे धागे आपल्याकडे येतात आणि दोन तासांत मरतात, कारण नुसती जंत्री असते. आज थोडं वेगळं करूया का? १४ जानेवारी ही तारीख मराठी माणसासाठी फारच भरगच्च आहे. मला आठवतात त्या गोष्टी अशा:

१७६१ साली पानिपतची तिसरी लढाई. १८८२ साली र. धों. कर्वे यांचा जन्म. १८९६ साली महाडजवळच्या नाते गावी चिंतामणराव देशमुखांचा जन्म, म्हणजे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर केंद्रातलं अर्थमंत्रिपद सोडणारे. १९०५ साली दुर्गा खोटे यांचा जन्म. १९९४ साली मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार.

भर घाला, पण नाव आणि सन लिहून पळू नका. त्यामागचं काहीतरी सांगा.

खडीसाखर

छान धागा! मी शाळेत शिकवते, परिपाठाला दिनविशेषाचा फळा माझ्याकडेच असतो. त्यामुळे हे सगळं आयतं मिळालं.

एक भर. पानिपत ऐन संक्रांतीच्या दिवशी झालं, हे लिहायला हवं होतं. मराठ्यांवर संक्रांत कोसळली म्हणतात ते उगीच नाही.

ध्रुवमत्स्य

ताई, १४ जानेवारी १७६१ ला संक्रांत नव्हती. चार दिवस आधीच होऊन गेली होती.

खडीसाखर

अहो, संक्रांत तर दरवर्षी १४ लाच असते ना? सगळे सण इकडेतिकडे होतात, हा एकच तारखेला बांधलेला. आमच्या आजीपासून ऐकत आलेय.

ध्रुवमत्स्य

आजीच्या आयुष्यात ती १४ लाच होती, त्यामुळे तिचं बरोबरच. पण आजीच्या खापरपणजीला विचारलं असतं तर तिने वेगळी तारीख सांगितली असती.

संक्रांत म्हणजे सूर्य मकर राशीत जातो तो क्षण. आपली पंचांगं राशी ताऱ्यांच्या संदर्भाने मोजतात. सूर्य ताऱ्यांच्या त्याच जागी परत यायला सुमारे ३६५.२५६४ दिवस लागतात. भिंतीवरचं इंग्रजी कॅलेंडर मात्र ऋतूंना बांधलेलं, त्याचं सरासरी वर्ष ३६५.२४२५ दिवसांचं. फरक वर्षाला वीस मिनिटांचा. एका पिढीला तो जाणवतसुद्धा नाही, पण साठत साठत साधारण ७२ वर्षांत एक दिवस होतो. पानिपताला २६० च्या वर वर्षं झाली, म्हणजे साडेतीन ते चार दिवस. सरळ मागे मोजत गेलात की १० जानेवारीच्या आसपास पोचता.

म्हणूनच हल्ली अधूनमधून संक्रांत १५ ला येते. २०१९, २०२०, २०२३, २०२४ ची कॅलेंडरं काढून बघा. त्या वर्षी व्हॉट्सॲपवर काय गोंधळ होतो ते सगळ्यांना माहीत आहेच.

बारामहिने

ज्युलियन-ग्रेगोरियनचा घोळ असेल तर? जुन्या तारखांत दहा-अकरा दिवसांचा फरक येतो ना?

ध्रुवमत्स्य

इथे येत नाही. इंग्रजांनी नवं कॅलेंडर १७५२ च्या सप्टेंबरात घेतलं. पानिपत त्यानंतरचं, त्यामुळे १४ जानेवारी ही आजच्याच कॅलेंडरची तारीख. बुधवार होता.

पेठेतला

गणित राहू द्या, थेट इतिहासातला पुरावा देतो. दत्ताजी शिंदे बुराडी घाटावर पडले ती तारीख बघा: १० जानेवारी १७६०. पानिपताच्या एक वर्ष आणि चार दिवस आधी. आणि तो दिवस संक्रांतीचा होता, हे सगळ्या इतिहासांत दिलेलं आहे. यमुनेच्या पात्रात, उतारांच्या रक्षणासाठी लढताना. रोहिल्यांच्या बाजूच्या कुतुबशहाने विचारलं, ‘क्यों पटेल, और लडोगे?’ आणि उत्तर आलं, ‘बचेंगे तो और भी लडेंगे.’ परंपरेने आलेला संवाद आहे हा, तिथे कोणी लेखणी घेऊन बसला नव्हता. पण तारखेबद्दल वाद नाही.

१७६० ला संक्रांत १० जानेवारीला असेल तर १७६१ ला ती १४ ला कशी येईल?

माझा अंदाज असा की लोकांच्या मनात दोन्ही प्रसंग एकत्र मिसळले. संक्रांतीला पडले ते दत्ताजी. भाऊ आणि विश्वासराव पडले ते पुढच्या वर्षी, पौष शुद्ध अष्टमीला. मग विसाव्या शतकात संक्रांत सरकत सरकत १४ जानेवारीवर आली, पानिपताची तारीख शाळेत पाठ झालेली होतीच, आणि दोन्ही एकमेकींना चिकटल्या.

ध्रुवमत्स्य

पेठेतला, जबरदस्त! या मालिकेत मधला दुवा पण आहे. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३, आणि तो दिवस पौष संक्रांतीचा होता, हे त्यांच्या चरित्रांत ठळक असतं. १७६० ला १०, १८६३ ला १२, आज १४-१५.

विदर्भवाला

आता तारीख-तिथीचा विषय निघालाच आहे तर शिवजयंतीचं पण होऊन जाऊ द्या. १९ फेब्रुवारी १६३० ही ज्युलियन तारीख आहे, आजच्या कॅलेंडरात ती १ मार्च येते. मग आपण साजरी नेमकी

संपादक मंडळ

विदर्भवाला, या विषयावर आपल्याकडे चार धागे आहेत आणि चारही कुलूपबंद आहेत. इथे नको.

विदर्भवाला

😀 बरं राहिलं.

नागसेनवन

पानिपतावर तुमचं चालू द्या. १९९४ बद्दल कुणी एक ओळीपलीकडे लिहिलेलं नाही म्हणून मी लिहितो. आमच्या घरी १४ जानेवारी म्हटलं की तीळही आधी आठवत नाहीत आणि पानिपतही नाही, विद्यापीठाचं गेट आठवतं.

मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं १९५८ मध्ये, २३ ऑगस्टला. त्याआधी, १९५० मध्येच, बाबासाहेबांनी औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय काढलं होतं. निजामाच्या राज्यातून नुकत्याच बाहेर पडलेल्या या भागात कॉलेजं किती होती ते आठवा, म्हणजे त्याचं मोल कळेल. विद्यापीठाला त्यांचं नाव द्यावं ही मागणी तिथून येते. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी ठराव केला आणि त्यानंतर मराठवाड्यात जे पेटलं ते मला वडिलांनी सांगितलेलं आहे. वस्त्या जाळल्या, लोक गाव सोडून शहरात आले, कित्येक परत गेलेच नाहीत. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे मारले गेले ते याच दिवसांत. ठराव कागदावरच राहिला.

मग लाँग मार्च झाला, तुरुंग भरले. बायका तर एवढ्या संख्येने आत गेल्या की घरं आजी-आजोबांनी सांभाळली. १९९३ च्या नोव्हेंबरात नांदेडला गौतम वाघमारे यांनी स्वतःला जाळून घेतलं. पुढे दोन महिन्यांच्या आत, १४ जानेवारी १९९४ ला, घोषणा झाली. ठरावानंतर साडेपंधरा वर्षांनी.

हे नामांतर नव्हे, नामविस्तार होता. मागणी होती ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर विद्यापीठ’ अशी. मिळालं ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’. ही तडजोड काहींना आजही टोचते. माझे वडील त्यांपैकी एक, पण दरवर्षी जायचे.

गेटवर काय असतं ते न पाहिलेल्यांसाठी: आदल्या रात्रीपासून लोक येतात, एसटीने, टेम्पोने, पायी. मराठवाड्यातून तर येतातच, विदर्भातूनही येतात. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पुस्तकांचे स्टॉल. दोन पोळ्या आणि ठेचा फडक्यात बांधून आणलेली बाई तिथे शंभर रुपयांची पुस्तकं घेते, हे मी दरवर्षी बघतो. लोक कमानीला हात लावून तो कपाळाला लावतात. ज्यांच्या घरात कोणी त्या कमानीतून आत शिकायला गेलेलं नाही, तेसुद्धा.

खडीसाखर

नागसेनवन, फार छान लिहिलंत. उद्याच्या परिपाठाला यातलं घेऊ का? आमच्या पुस्तकात दोनच ओळी आहेत.

नागसेनवन

घ्या की ताई. पोचीराम कांबळे आणि गौतम वाघमारे ही नावं मात्र गाळू नका.

गोदाकाठ

नांदेडची म्हणून एक जोड. नामविस्ताराच्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेडला वेगळं विद्यापीठ झालं, स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचं. माझं पहिलं वर्ष औरंगाबादच्या गुणपत्रिकेवर आणि शेवटचं नांदेडच्या. नोकरीच्या मुलाखतीत दर वेळी हे समजावून सांगावं लागायचं.

तंजावरकर

नमस्कार. आमचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या तमिळनाडूत, घरी जी मराठी बोलतो ती ऐकून पुण्याचे पाहुणे गालातल्या गालात हसतात, तरी लिहितो.

नावं बदलण्याचा विषय निघाला म्हणून सांगतो, १४ जानेवारी आमच्याकडेही नावाचाच दिवस आहे. मद्रास राज्याचं तमिळनाडू झालं ते १४ जानेवारी १९६९ ला, पोंगलच्या दिवशी. त्यासाठी शंकरलिंगनार नावाच्या वृद्ध गांधीवाद्याने १९५६ मध्ये उपोषण केलं आणि ७६ दिवसांनंतर ते गेले. विधानसभेचा ठराव मात्र अण्णादुरैंच्या काळात, १८ जुलै १९६७ ला झाला. नाव अमलात आलं आणि तीनच आठवड्यांत, ३ फेब्रुवारीला, अण्णादुरै वारले.

१९६९ आणि १९९४. बरोबर पंचवीस वर्षांचं अंतर, दोन्ही वेळा संक्रांत. आणि दोन्हीकडे नावासाठी जीव गेलेले.

कोकणपट्टा

तंजावरकर, हे माझ्या यादीत नव्हतं, उत्तम भर! आणि तुमची मराठी वाचायला काही अडत नाही.

मी कर्व्यांबद्दल लिहायचं म्हणून थांबलो होतो, आणि नागसेनवन यांच्या प्रतिसादामुळे त्याला वेगळाच संदर्भ मिळाला. र. धों. म्हणजे महर्षी कर्व्यांचे थोरले चिरंजीव, गणिताचे प्राध्यापक. संततिनियमनाचं काम सोडा नाहीतर नोकरी सोडा अशी वेळ आली तेव्हा त्यांनी नोकरी सोडली. १९२१ मध्ये मुंबईत केंद्र काढलं आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक, जे १९५३ मध्ये मरेपर्यंत चालवलं. अंक स्वतः लिहायचे, स्वतः तपासायचे, वर्गणीदारांचं टपालही बघायचे. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. त्यातला १९३४ चा खटला वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून होता. त्यांचं वकीलपत्र घेतलं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी.

खटला हरले. पण लैंगिक प्रश्नांची माहिती मागणं हा काही विकृतीचा पुरावा नाही आणि शास्त्राने उत्तर देणं हा गुन्हा नाही, अशी बाजू त्या काळात कोर्टात उभं राहून मांडणं सोपं नव्हतं. आणि बघा, ज्यांनी बाजू मांडली त्यांचं नाव विद्यापीठाला लागलं तो दिवस अशिलाच्या वाढदिवसाचा. ज्याने घोषणेची तारीख ठरवली त्याच्या हे गावीही नसणार.

बारामहिने

+१. कर्व्यांवर स्वतंत्र धागा काढा.

यमुनापार

मी नोकरीनिमित्त दिल्लीकडे असतो. दोन वर्षांपूर्वी १४ जानेवारीला पानिपतला गेलो होतो, त्याबद्दल थोडं.

काला अंब हे ठिकाण शहराबाहेर आहे. तिथे एक आंब्याचं झाड होतं आणि इतकं रक्त सांडलं की त्याचा रस काळा झाला, अशी आख्यायिका. झाड केव्हाच गेलं, आता विटांचा स्तंभ आणि भोवती बाग. एरवी तिथे क्रिकेट खेळणारी पोरं आणि फोटो काढणारी जोडपी असतात. १४ जानेवारीला मात्र भगवे फेटे दिसतात. निम्मे महाराष्ट्रातून आलेले आणि निम्मे तिथलेच, रोड मराठा. कर्नाल, पानिपत, कुरुक्षेत्र, कैथल या भागातला शेतकरी समाज, आपण पानिपतातून वाचलेल्यांचे वंशज आहोत असं सांगणारा. बोलतात अस्सल हरियाणवी. एका काकांनी माझ्या हातावर गजक ठेवली आणि म्हणाले, ‘तुम इतनी देर से क्यों आए?’ मी म्हटलं, ट्रेन लेट होती. ते म्हणाले, ‘मैं ढाई सौ साल की बात कर रहा हूँ.’

थंडीचं सांगायचं राहिलं. सकाळी दहा वाजता समोरचा स्तंभ धुक्यात दिसत नव्हता. माझ्या अंगात दोन स्वेटर आणि जाकीट. दख्खनची माणसं तिथे अडीच महिने उघड्या मैदानावर होती, आणि शेवटी तर पोटात अन्नसुद्धा नव्हतं. पुस्तकात ‘उपासमार’ हा शब्द आपण पटकन वाचून पुढे जातो.

पेठेतला

यमुनापार, त्या अडीच महिन्यांतच खरं पानिपत आहे. १४ तारीख हा फक्त शेवट.

ऑक्टोबर १७६० मध्ये मराठ्यांनी कुंजपुरा जिंकला, धान्य मिळालं, सगळे खुशीत. महिनाअखेरीला अब्दालीने यमुना ओलांडली आणि मराठ्यांच्या नि दिल्लीच्या मधे येऊन बसला. म्हणजे घरची वाट अडवली. नोव्हेंबरपासून दोन्ही सैन्यं समोरासमोर. रसद आणणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले आणि मग धान्य यायचंच थांबलं. तळावर नुसते लढवय्ये नव्हते. बायका होत्या, नोकरचाकर होते, आणि उत्तरेत सैन्य चाललंय तर काशी-प्रयाग घडेल म्हणून निघालेले हजारो यात्रेकरू. नाना फडणीस त्यांच्यातलाच. वय अठरा, आई आणि बायको बरोबर. तो वाचला, बायको वाचली, आई हरवली ती कायमचीच. त्याचं आत्मचरित्र छोटंसं आहे, पण पानिपतातून जीव घेऊन पळालेल्याने स्वतः लिहिलेलं. ते वाचा आणि मग भाऊंनी काय करायला हवं होतं यावर वाद घाला.

विश्वासराव पण अठराच वर्षांचा. एका तळावर दोन समवयस्क मुलं. एक दुपारी गोळी लागून पडला आणि दुसऱ्याने पुढे कित्येक वर्षं पेशवाईचा कारभार हाकला.

१४ ला सकाळी लढाई सुरू झाली तेव्हा दुपारपर्यंत पारडं मराठ्यांकडे होतं. इब्राहिमखान गारद्याच्या तोफांनी आणि पलटणींनी रोहिल्यांची फळी फोडली होती. विश्वासराव पडला, भाऊ हत्तीवरून उतरून घोड्यावर बसला, हौदा रिकामा दिसला आणि धीर सुटला. अब्दालीने राखून ठेवलेलं ताजं सैन्य नेमकं तेव्हा घातलं. होळकर बाजूने निघून गेले, त्यावर गेली अडीचशे वर्षं भांडतोय, इथे नको. महादजी पायाने जायबंदी होऊन पडला, त्याला राणेखान नावाच्या भिश्त्याने बैलावर घालून वाचवलं. महादजीने त्याला पुढे जन्मभर भाऊ मानलं.

आणि ती बातमी. नानासाहेब पेशवे मदतीला उत्तरेकडे निघाले होते, वाटेत सावकाराचं पत्र हाती पडलं: दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या, रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. हुंडीच्या भाषेत लिहिलेलं, कारण पत्र वाटेत कुणीही फोडलं असतं. नानासाहेब त्यानंतर सहा महिनेही जगले नाहीत. २३ जून १७६१ ला पर्वतीवर गेले.

विदर्भवाला

होळकरांबद्दल ‘निघून गेले’ हा शब्दप्रयोग

संपादक मंडळ

विदर्भवाला.

विदर्भवाला

बरं.

कोथिंबीरवडी

अब्दाली जिंकूनही दिल्लीत राहिला नाही, आणि अकरा वर्षांत महादजीने शहाआलमला दिल्लीच्या गादीवर बसवलं. हे कुणी का लिहीत नाही? आमच्या शाळेत पानिपत म्हणजे ‘मराठी सत्तेचा अस्त’ असंच शिकवलं.

पेठेतला

कोथिंबीरवडी, शंभर टक्के. थोरल्या माधवरावाची कारकीर्द पानिपताच्या नंतरची आहे. सोळाव्या वर्षी गादीवर आला आणि अकरा वर्षांत बहुतेक सगळं सावरलं. ज्याला ‘अस्त’ म्हणतात तो अजून साठ वर्षं लांब होता. पण पाठ्यपुस्तकाला धडा संपवायला एक लढाई लागते.

खडीसाखर

उद्याचा फळा भरला बाई. जागा अडीच बाय चार फूट आणि इथे कादंबरीचा ऐवज. पानिपत, नामविस्तार आणि तमिळनाडू घेते, कर्वे सातवीच्या वर्गाला कसे सांगायचे ते मुख्याध्यापकांशी बोलून बघते.

ध्रुवमत्स्य, तारखेचं पटलं. दत्ताजींच्या पुराव्याने जास्त पटलं, तुमच्या दशांशांपेक्षा. आता एक सांगा, मुलं विचारणारच: मग संक्रांत १४ ला यायची पूर्ण बंद कधी होणार?

ध्रुवमत्स्य

एका झटक्यात नाही होणार. लीप वर्षाच्या चार वर्षांच्या फेऱ्यात ती कधी १४, कधी १५ अशी झुलते. सध्या झुकाव १५ कडे चाललाय. या शतकाच्या शेवटाकडे ती जवळपास नेहमी १५ लाच येईल, मग २१०० हे शतकवर्ष लीप नाही, त्यामुळे एक दिवस एकदम १६ कडे उडी. तुमच्या वर्गातल्या मुलांची नातवंडं १६ तारखेला तिळगूळ वाटतील.

मुलांना अजून एक सांगा. उत्तरायण म्हणजे दिवस मोठा व्हायला लागणं, ते २१-२२ डिसेंबरलाच सुरू होतं. संक्रांत आणि उत्तरायण एका दिवशी येत होते त्याला दीड हजाराहून जास्त वर्षं झाली. एखाद्या काठीची दुपारची सावली १५ डिसेंबरपासून महिनाभर रोज मापायला लावा. कुठल्या दिवशी सर्वांत लांब होती ते पोरं स्वतःच सांगतील, तुम्हाला मला विचारायची गरज पडणार नाही.

खडीसाखर

मस्त! पुढच्या डिसेंबरात करते. काठी शाळेतच आहे, आता ती दुसऱ्या कामाला वापरता येत नाही.

गोदाकाठ

😂😂

कोकणपट्टा

१५ जानेवारीचा धागा कोण काढतंय? लष्कर दिन आहे, १९४९ साली करिअप्पांनी सूत्रं हाती घेतली तो दिवस. सैन्यातल्या कुणी काढला तर बरं.

यमुनापार

माझे सासरे मराठा लाइट इन्फंट्रीचे. त्यांना विचारतो, रात्री टाकतो.